ताकदीचं इंजेक्शन

माझी वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी अकरावीत होते. आमचं गाव चाकूर तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. लातूरला कॉलेजला जायचं तर पहाटेची एसटी गाठावी लागे, आणि ती चुकली की त्या दिवसाचं कॉलेज चुकलं. वहिनी माझ्याआधी उठायची. मी वेणी घालत आरशासमोर रेंगाळले की चुलीपासून हाक यायची, "वन्सं, आरसा काय पळून जायचा न्हाई, गाडी जाईल." डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भरलेली असायची. पावसाळ्यात माझी पुस्तकं भिजू नयेत म्हणून युरियाच्या पोत्यातली प्लास्टिकची पिशवी ती धुऊन, वाळवून द्यायची. तिची स्वतःची शाळा सातवीतच सुटली होती. माझी पुस्तकं तिनं कधी उघडून बघितली नाहीत, पण ती कोरडी राहिली ती तिच्यामुळं.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आता नांदेडला एका शाळेत मराठी शिकवते. कुणी विचारलं की तू शिकलीस कशी, तर मी शिक्षकांची नावं घेते, एसटीच्या पासचं सांगते, आणि शेवटी वहिनीवर येते. खरं तर तिच्यापासूनच सुरुवात करायला पाहिजे. आज तिच्यापासूनच करते आहे.

वहिनीला दोन मुली. दोन्ही वेळा सिझर झालं. दुसऱ्या वेळी लातूरच्या डॉक्टरांनी दादाला आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की पोट दोनदा उघडलंय, आतली जागा फार पातळ झालीय, पुन्हा लवकर दिवस गेले तर बाईच्या जिवावर बेतेल. दादा खाली मान घालून ऐकत होता. मग ऑपरेशन करून टाका, असं डॉक्टर म्हणाले. दादानं मान हलवली. घरी आल्यावर त्यानं विषय काढला आणि आई-बाबांनी तो तिथंच मिटवला. वंशाला दिवा होऊ द्या, मग काय करायचं ते करा. दादा वाईट माणूस नाही. पण तो आई-बाबांच्या पुढं बोलत नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाचा चांगुलपणा बायकोच्या फारसा कामाला येत नाही.

वाट वहिनीनंच काढली. ओढ्यापलीकडच्या गावात आरोग्य उपकेंद्र होतं. तिथल्या सिस्टरनं तिला सांगितलं की दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन मिळतं, ते घेतलं की दिवस राहत नाहीत. घरी काय सांगशील, असं सिस्टरनं विचारलं. वहिनी बाळंतपणानंतर वाळून गेली होती. ती म्हणाली, ताकदीचं आहे म्हणून सांगते.

आईनं ते लगेच मानलं. मानलं एवढंच नाही, तर गावभर सांगितलं. आमच्या सुनेला दर तीन महिन्याला ताकदीचं इंजेक्शन असतं, सरकारी, सिस्टर स्वतः बोलावून देते. त्या दिवशी आई दोन्ही पोरींना सांभाळायची आणि वहिनीला वाटेत खायला शेंगदाण्याचा लाडू बांधून द्यायची. आमच्या शेजारची म्हातारी एकदा काठी टेकत उपकेंद्रात गेली आणि सिस्टरला म्हणाली, "मला बी टोचा ते सुनंवालं. मला काय ताकद नको व्हय?" सिस्टरनं तिला कॅल्शियमच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं. वहिनीनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. घरात दादाला आणि मला खरं माहीत होतं. आई-बाबांना नव्हतं. तसं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग भाद्रपदात वहिनीची तारीख आली आणि उपकेंद्रात इंजेक्शनच नव्हतं. सिस्टर म्हणाली, वरून माल आला नाही, पुढच्या आठवड्यात ये, थोडं मागंपुढं झालेलं चालतं. पुढच्या आठवड्यात पूर आला.

मी त्या शनिवारी गावाकडं आले होते. रविवारी परत जायचं होतं. रविवारी रस्ताच राहिला नाही. धरणाचं पाणी सोडलं, वरून पाऊस थांबेना, आणि नदी खालच्या गल्लीतून आमच्या अंगणात आली. दादानं पोरींना खांद्यावर घेतलं, बाबांनी शेळ्या सोडल्या, आणि आम्ही सगळे माळावरच्या शाळेत गेलो. त्याच शाळेत मी अक्षरं गिरवली. माझ्या पहिलीच्या वर्गात आता बाया आणि लेकरं होती, पलीकडच्या वर्गात पुरुष, आणि मधल्या व्हरांड्यात गावाचा कारभार. ओढ्यापलीकडं बघून आलेल्या माणसांनी सांगितलं की उपकेंद्राचा फक्त पत्रा आणि पाटी दिसते आहे. सिस्टर आधीच दुसऱ्या गावाला निघाली होती, तिला पूरग्रस्तांच्या कामाला लावलं होतं.

बायांच्या त्या खोलीबद्दल मला सांगायचं आहे, कारण वर्तमानपत्रांत पिकांचे आणि वाहून गेलेल्या पुलांचे फोटो आले, त्या खोलीचा आला नाही. शाळेत मुलींचा एक संडास होता. त्याची कडी तुटलेली. एक आत गेली की दुसरी दार धरून उभी राहायची. ज्यांची पाळी आली होती त्यांनी लुगडी फाडली. फाडलेलं धुवायला पाणी होतं, वाळवायला जागा नव्हती. ओल्या साडीच्या आत ते ओलं कापड लपवून दोरीवर टाकायचं, आणि तसंच ओलं पुन्हा घ्यायचं. एकीला ताप भरला होता, एकीला अंगावरून फार जात होतं, ती भिंतीकडं तोंड करून पडून होती.

लातूरहून मदतीचा टेम्पो आला. बिस्किटं, ब्लँकेटं, साड्या, मेणबत्त्या, आणि एक खोकं सॅनिटरी पॅडचं. कुणीतरी शहाण्यानं ते आठवणीनं टाकलं असणार, त्याचे आभारच मानायला पाहिजेत. पण आमच्याकडं वाटप होतं ते कुटुंबप्रमुखाच्या नावानं. व्हरांड्यात टेबल मांडलेलं, एकजण नाव पुकारणार, घरातला थोरला पुरुष पुढं येणार आणि सामान घेणार. ब्लँकेट असं देता येतं. ते खोकं कसं देणार? कुणाच्या सासऱ्याचं नाव मोठ्यानं पुकारून त्याच्या हातात काय ठेवणार? म्हणून ते टेबलाखाली सरकवलं आणि त्याच्यावर रिकाम्या गोण्या टाकल्या. मी विचारायला गेले तर टेबलावरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, आत्ता जीव वाचवायचं बघू. ते मग निवांत." ते माझ्या वडिलांचे मित्र. चांगले गृहस्थ. मी खाली वाकून ते खोकं ओढलं आणि उचलून बायांच्या खोलीत नेलं. सगळे दुसरीकडं बघत होते. त्या अख्ख्या आठवड्यात माझ्या हातून पार पडलेलं काम म्हणाल तर तेवढंच.

त्याच दिवशी टँकरपाशी भांडी घासताना वहिनी म्हणाली, "वन्सं, ते ऱ्हायलंच की."

मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, रस्ता उघडला की बघू.

"हितं काय भ्या न्हाई. बाया इकडं, बापे तिकडं. पूर हाय तवर मी सुखी हाय," ती म्हणाली आणि हसली. मग पातेल्यावर राख घासत बसली. "घरी गेल्यावर काय, त्याचं बोला."

"दादाला सांग की."

"त्येंना काय सांगायचं? त्येंना समजतंय सगळं. समजून दूर ऱ्हायले तर ना."

दोन दिवसांनी ट्रॅक्टरमध्ये बसून आरोग्याचं पथक आलं. एक तरुण डॉक्टर, एक नर्स आणि औषधांची पत्र्याची पेटी. मला एवढा आनंद झाला की मी वर्गातल्या पोरीसारखी धावत व्हरांड्यात गेले. पण टेबल तेच होतं आणि रांगही तीच. घरोघरचे थोरले पुरुष उभे, आणि प्रत्येकजण आपल्या घरातल्या सगळ्यांचं दुखणं सांगणार. आमच्या घरातर्फे बाबा उभे होते. माझे गुडघे, हिचं बीपी, बारक्या पोरीला खोकला. सुनेचं काय, असं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी बाबांना काय माहीत होतं? अंगावरून जाणाऱ्या त्या बाईच्या नवऱ्यानं सांगितलं, हिला अशक्तपणा आहे. त्याला लाल गोळ्या मिळाल्या.

रांग सरल्यावर मी डॉक्टरांना खांबाच्या आडोशाला गाठलं. त्यांना वहिनीचं सगळं सांगितलं. दोन सिझर, तीन महिन्यांचं इंजेक्शन, तारीख उलटून गेलेली. ते माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले की या पेटीत तापाची औषधं आहेत, जुलाबाची आहेत, साप चावला तर काय करायचं ते आहे, कुटुंब नियोजनाचं काही नसतं. मी म्हटलं, पूर आला म्हणून बायांना दिवस राहायचे थांबतात का? ते ओशाळले. "मला जी पेटी दिली ती घेऊन आलोय, मॅडम. पेटी मी भरत नाही."

त्यांचं खरंच होतं. मला राग येत होता आणि राग काढावा असा समोर कुणी नव्हता. मी विचारत होते की मग पेटी कोण भरतं, आणि तेवढ्यात माझ्या मागं टेबलापाशी आईचा आवाज आला.

आई वहिनीचा दंड धरून उभी होती. बायका त्या टेबलाकडं येत नसत. पण आई आली होती, सुनेच्या काळजीनं आली होती, डोक्यावरचा पदर सावरत, सगळ्या पुरुषांच्या देखत. ती नर्सला सांगत होती की माझ्या सुनेचं ताकदीचं इंजेक्शन राहून गेलंय, उपकेंद्र बुडालं, दर तीन महिन्याला असतं, लेकरू अजून अंगावर पितं, ते तेवढं द्या.

नर्सनं वहिनीच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. रक्त कमी होतंच. तिनं विचारलं, कुठलं घेत होतीस? वहिनीनं एकदा माझ्याकडं बघितलं. बाबा दोन हातांवर उभे होते. दादा पलीकडं शेळ्यांपाशी, त्यानं मान फिरवली. वहिनी म्हणाली, "ताकदीचं." दुसरं काय म्हणणार होती?

मी तिथं पोचेपर्यंत नर्सनं जीवनसत्त्वाचं इंजेक्शन भरलंही होतं. खोलीच्या दारामागं नेऊन टोचलं. वहिनी बाहेर आली ती कंबर चोळत. आई समाधानानं सगळ्यांना सांगत होती, "बघा, पुरात बी चुकू दिलं न्हाई मी." शेजारची म्हातारी म्हणाली, मग मला बी द्या.

मी आजही तो प्रसंग आठवते तेव्हा नक्की कुणावर चिडू ते मला कळत नाही. त्या सगळ्या आठवड्यात व्हरांड्यातल्या टेबलापर्यंत एखाद्या सुनेला हाताला धरून नेणारी आमची आई एकटीच होती.

पाणी ओसरलं. घरात गुडघाभर चिखल, कणग्यांत कुजलेलं धान्य, शेतात काळं पडलेलं सोयाबीन. मी नांदेडला परत आले आणि शाळा सुटल्यावर रोज फोन करत बसले. सिस्टरला लावला. ती बिचारी दुसऱ्या तालुक्यात विहिरींत औषध टाकत हिंडत होती. ती म्हणाली, उपकेंद्रातलं सगळं कपाट चिखलात गेलं, तालुक्याला विचारा. तालुक्याला विचारलं तर उपकेंद्र सुरू झालं की तिथंच मिळेल असं सांगितलं. कधी सुरू होईल? इमारतीची पाहणी व्हायची आहे. लातूरला फोन केला, तिथं म्हणाले की तुमच्या गावचा पुरवठा तालुक्यावरून होतो. नांदेडला माझ्या घराजवळच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, बाईला घेऊन या, लगेच देते. ज्यानं त्यानं नियमाप्रमाणंच सांगितलं होतं.

बाईला आणायचं तर बाई निघू शकत नव्हती. पंचनामा व्हायचा होता. तलाठी कधीही येईल, आणि आला तेव्हा घरात माणसं दिसली पाहिजेत, नाहीतर घर रिकामं म्हणून लिहून घेतील, अशी बाबांना धास्ती. तोवर कुणी गाव सोडायचं नाही. तलाठी आज येतो, उद्या येतो, असं करत दिवस गेले. मी मधल्या एका रविवारी नांदेडच्या मेडिकलमधून निरोधची पाकिटं घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गावाकडं जाऊन वहिनीच्या हातात दिली. तिनं उघडून बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"हे तुमच्या दादाला कोण देणार? बहिणीनं आणलं म्हणून कळलं तर गाव सोडून जातील ते."

ती पुडी धान्याच्या रिकाम्या डब्यात गेली आणि तिथंच राहिली. वहिनी मुलींना घेऊन आईजवळ झोपायला लागली, खोली ओली आहे म्हणून. आईनं एकदोनदा विचारलं, खोली वाळली की, अजून हितंच का?

त्यातून आणखी एक अवघड गोष्ट होती. त्या इंजेक्शनवर वहिनीची पाळी जवळजवळ बंदच झाली होती. त्यामुळं चुकली की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. सकाळी मळमळलं तर ती घाबरायची. चिखलाच्या वासानं मळमळतंय का दुसऱ्या कशानं, हे कसं ओळखायचं? फोनवर ती बोलता बोलता मध्येच दिवस मोजायला लागायची. मी शाळेत व्याकरण शिकवत असायचे आणि माझं निम्मं लक्ष त्या मोजणीत असायचं.

दिवाळीच्या जरा आधी तलाठी येऊन गेला. मी पुढच्याच शनिवारी गावाकडं गेले आणि आईला म्हटलं, वहिनीला लातूरला नेते. आई अंगणात बसून पितळेच्या घागरीवरचा चिखल चिंच लावून काढत होती.

"कशाला?"

"इंजेक्शनचं राहिलंय तिचं."

"कशाचं ऱ्हायलंय? माझ्यासमोर टोचलं की शाळेत."

हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं. आईच्या हिशेबानं ते दिलेलं होतं, आणि म्हणून लातूरला जायचं कारणच उरलं नव्हतं. मी दुसरी थाप रचायला लागले, डोळ्यांचं काहीतरी सांगावं म्हणून. वहिनी बारकीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"वन्सं, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मग आईकडं वळली. "आत्याबाई, मी तिकडं जायची ते ताकदीचं न्हाई. दिवस ऱ्हाऊ नयेत म्हणून हाय."

आईचे हात थांबले. घागरीतलं पाणी थोडं सांडलं.

"आन् शाळेत टोचलं ते?"

"ते ताकदीचं हुतं."

"म्हंजे मी मागितलं तेच दिलं त्यांनी."

"हाव."

आई कितीतरी वेळ घागर फिरवत राहिली. मला वाटलं आता ती नातवाचं काढेल, वंशाचं काढेल, रडेल. तिनं माझ्याकडं बघितलं. "तुला ठावं हुतं."

मी हो म्हटलं.

"आन् त्याला?"

"दादाला पण."

"म्हंजे मीच एक," आई म्हणाली. "गावभर सांगत फिरले मी."

आई उठली, लुगड्याला हात पुसले आणि वहिनीच्या कडेवरून बारकीला घेतलं. "जा मग," ती म्हणाली. "गाडी जाईल." आणि आमच्याकडं पाठ करून आत गेली.

लातूरला जाणाऱ्या काळी-पिवळीत वहिनी माझ्या खांद्याला टेकून बसली होती. आम्ही एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी तारखा ऐकल्या आणि म्हणाल्या, इतका उशीर झालाय, आधी दिवस नाहीत ना ते बघावं लागेल. तपासणीचा निकाल येईपर्यंत बाहेर बाकावर बसायला सांगितलं. समोर एक टीव्ही होता, त्याच्यावर पुराच्या नुकसानीची बातमी चालली होती, आवाज बंद.

"असलं तर?" वहिनी म्हणाली.

मी तिचा हात धरला.

"पाडायचं, न्हाईतर पोट फाडायचं. दोनच की," ती म्हणाली. भाजीचा भाव सांगावा तशी. "मोठीला शाळेत घाला म्हणावं तुमच्या दादाला. तुमच्यासारखं."

मी तिला असं बोलू नको म्हणाले. मग मलाच रडू यायला लागलं, तर तिनं मला पदर दिला. आलो होतो तिच्यासाठी आणि डोळे माझे पुसत बसली.

दिवस नव्हते. डॉक्टरबाई म्हणाल्या, नशीब चांगलं तुमचं. त्यांनी इंजेक्शन काढलं तेव्हा वहिनी खुर्चीतून उठून जवळ गेली आणि बाटली हातात घेऊन उलटसुलट बघितली. त्यावरचं इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. "बाई, हे तेच हाय नव्हं? ताकदीचं न्हाई ना?" डॉक्टरबाईंना काही समजलं नाही. त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी बाटली वाचली आणि म्हटलं, तेच आहे.

नशीब चांगलं, या शब्दांचा मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही, बसस्टँडवर वहिनीनं पेरू विकत घेऊन मीठ लावून खाल्ला तेव्हा झाला. पण गाडीत बसल्यावर चिडचिड सुरू झाली ती अजून गेलेली नाही. माझी वहिनी वाचली ती पेटीमुळं नाही, पथकामुळं नाही, टेबलामुळं नाही. ओल्या खोलीचं निमित्त आणि नशीब, एवढ्यावर वाचली. ज्यांचं नशीब तसं नव्हतं त्यांचं काय झालं ते पुढच्या ज्येष्ठात दिसलं. गावात पाळणे बरेच हलले. पारावर लोक गमतीनं म्हणायचे, पुरानं सोयाबीन नेलं आणि लेकरं दिली. पुरुष हसायचे. त्या बाळांतल्या दोघांच्या आया माझ्या ओळखीच्या, उपकेंद्रातून गोळ्या नेणाऱ्या होत्या. लेकरं गोड आहेत, त्यांच्याबद्दल वाईट कसं बोलू? पण त्या बायांना कुणी विचारलं नव्हतं.

पावसाळ्याआधी गावात पूर्वतयारीची बैठक झाली. मी सुट्टीत गावीच होते, गेले. बॅटऱ्या, दोर, तरंगणारी जॅकेटं, पाण्यात टाकायचं औषध, सर्पदंशाची लस, असं सगळं वाचून दाखवलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, दिवस भरत आलेल्या बायांना पाऊस लागण्याआधीच तालुक्याला हलवायची सोय हवी, गोळ्या आणि इंजेक्शनं पेटीत हवीत, आणि बायांसाठी वेगळी रांग हवी, तिच्यापाशी बाईच बसलेली हवी. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी ऐकून घेतलं. "चांगल्या सूचना आहेत, मॅडम. लिहून द्या." मी तिथंच वहीचं पान फाडून लिहून दिलं. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं. पुढं काय झालं ते मला माहीत नाही. उपकेंद्राला नवा रंग दिलाय आणि नवी पाटी लावलीय. औषधांचं कपाट अजून यायचं आहे.

म्हणून आमची तयारी आम्हीच केली. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की तारखेच्या थोडं आधी घेतलं तरी चालतं. यंदा वहिनीची तारीख भर पावसात येणार होती. ती नदी कोरडी असतानाच निघाली. मी सोबत जाणार होते, पण तिनं नको म्हटलं, बाटलीवरचं नाव तिनं माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं होतं आणि त्या अक्षरांची वळणं डोळ्यांत पक्की केली होती.

आईनं त्या दिवसापासून वहिनीशी या विषयावर एक शब्द काढलेला नाही. नातवाची आस तिनं सोडली असंही नाही, कुणाच्या बारशाला जाऊन आली की उसासा टाकते. त्या सकाळी ती अंगणात बियाणं निवडत बसली होती, बारकी तिच्या मांडीवर. शेजारची म्हातारी काठी टेकत आली.

"सून कुठं चाललीय येवढ्या सकाळी?"

"लातूरला."

"ताकदीचं घ्यायला व्हय?"

मी दारात होते. आईनं एक खडा उचलून लांब फेकला.

"हाव," ती म्हणाली. "ताकदीचं." मग मान वर करून तिनं आभाळ बघितलं, आणि वहिनी कोपऱ्यावरून वळेपर्यंत सूप हातात तसंच धरून बसली.